भिंतीपलीकडून आवाज येतात तेव्हा आपण नक्की काय करायचं?

ओंजळ

बरेच दिवस हा धागा काढू की नको असं चाललं होतं. ओळख पटेल असे सगळे तपशील बदललेत, त्यामुळे कोण, कुठली ते विचारू नका प्लीज.

आमच्या वरच्या मजल्यावर एक जोडपं आहे, दोन लहान मुलं. चार वर्षं आम्ही आवाज ऐकत होतो. आधी ओरडणं, मग काहीतरी आपटल्याचा आवाज, मग एकदम शांतता, आणि ती शांतता जास्त घाबरवते. वर्षभरापूर्वी एका रात्री तिने आमचं दार वाजवलं, पायात चप्पल नाही, कडेवर धाकटं. आत घेतलं, पाणी दिलं. दहा मिनिटांत तो आला, एकदम नम्र, हात जोडून, काका तुम्हाला उगाच त्रास झाला म्हणाला. मग माझ्या सासूबाई, सासरे आणि शेजारचे एक काका बसले, दोघांना समोरासमोर बसवलं, तिला म्हणाले काय झालं ते सांग, तर ती खाली बघून म्हणाली काही नाही, माझंच जरा चुकलं. त्याला चार शब्द सुनावले, तिलाही सांगितलं की तो दमून येतो तर आल्या आल्या विषय काढू नकोस, त्याने सगळ्यांसमोर माफी मागितली आणि ती त्याच्यासोबत वर गेली. आम्हाला खरंच वाटलं की एक संसार सावरला आपण.

त्यानंतर आवाज बंद झाले, पण ती माझ्याशी बोलायचीही बंद झाली. लिफ्टमध्ये भेटली तर मोबाईलमध्ये बघत राहते. आणि परवा दिसली ती भर उकाड्यात गळ्याला स्कार्फ गुंडाळून, आवाज पूर्ण घोगरा. घसा बसलाय म्हणाली. तो शेजारीच उभा होता.

नुसतं "पोलिसांना फोन कर" सांगू नका. त्या रात्री आमचं काय चुकलं आणि आता काय केलं तर तिचं आणखी नुकसान होणार नाही, हे मला समजून घ्यायचंय.

---

कवडसा

ओंजळ, निदान दार उघडलंत. आमच्याकडे असं झालं होतं तेव्हा आम्ही टीव्हीचा आवाज वाढवला होता. अजून लाज वाटते.

---

उंबरा

बाकी चर्चा नंतर करू, आधी तो स्कार्फ आणि घोगरा आवाज. मी इमर्जन्सीत नर्स आहे. हे दोन्ही एकत्र दिसलं की आमच्या डोक्यात पहिला प्रश्न येतो तो गळा दाबला गेलाय का. असेलच असं नाही, पण असू शकतं आणि ते साधं नसतं.

लोकांना वाटतं गळा दाबला की वळ उठणारच. तसं नाहीये. सॅन डिएगोमध्ये अशा ३०० केसेसच्या नोंदी तपासल्या होत्या, २००१ मध्ये छापून आलं, त्यात निम्म्या जणींच्या गळ्यावर पोलिसांना काहीच खूण दिसली नव्हती. खूण नाही म्हणून काही झालं नाही असं समजून किती जणी घरी गेल्या असतील कोण जाणे. बघायचं ते वेगळंच असतं. आवाज बदलणं, गिळताना दुखणं, डोळ्यांच्या पांढऱ्या भागात लाल ठिपके, चक्कर, मधला काही वेळ आठवतच नाही असं सांगणं, कपड्यात लघवी होणं. मानेतली रक्तवाहिनी आतून फाटलेली असू शकते आणि त्याचा स्ट्रोक काही दिवसांनीही येऊ शकतो, म्हणजे बाई बोलतेय, चालतेय, स्वयंपाक करतेय आणि आत हे चालू आहे. शुद्ध जायला तर फार वेळ लागत नाही, दहाएक सेकंद पुरतात.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. २००८ मध्ये अमेरिकेतला एक अभ्यास आला. ज्या बाईचा जोडीदाराने पूर्वी गळा दाबलाय, तिचा पुढे त्याच्याच हातून खून होण्याची शक्यता सुमारे सातपट जास्त निघाली. म्हणून याला "नेहमीची मारहाण" म्हणू नये. इंग्लंड आणि वेल्समध्ये तर २०२२ पासून जीव गेला नाही तरी गळा दाबणं हा स्वतंत्र गुन्हा आहे.

ती एकटी भेटली तर एवढंच सांगा की घशाचं डॉक्टरला दाखव, आणि डॉक्टरपुढे एकटी असशील तेव्हा मानेवर दाब आला होता हे शब्द वापर. "घसा बसलाय" सांगितलं तर गोळ्या देऊन घरी पाठवतील. आणि श्वासाला त्रास, तोंड वाकडं होणं, हातपाय बधिर असं काही दिसलं तर वाट बघायची नाही, थेट हॉस्पिटल.

---

पाणपोई

उंबरांनी लिहिलंय ते सगळ्यात आधी. आता त्या रात्रीबद्दल लिहिते. मी चौदा वर्षं महिलांच्या मदत केंद्रात काम करतेय, आणि तुम्ही लिहिलंय तसा प्रसंग मी इतक्या जणींकडून ऐकलाय की त्यातली वाक्यंसुद्धा तीच असतात.

तुमच्या घरी बसले ते सगळे चांगली माणसं आहेत यात मला शंका नाही. पण तिच्या जागेवर बसून बघा. समोर तो, शेजारी मोठी माणसं, आणि प्रश्न काय तर "सांग काय झालं". ती जे बोलेल त्याचा हिशोब एक मजला वर गेल्यावर द्यायचाय, तोही बंद दाराआड. मग ती काय बोलणार? माझंच चुकलं. हे वाक्य म्हणजे कबुली नव्हती, तिने त्या रात्रीपुरता स्वतःचा जीव वाचवला. आणि तुम्ही ते खरं धरून तिलाच सल्ला दिलात. वाईट वाटून घेऊ नका, पण मदत मागितली की काय होतं ते तिला त्या रात्री कळलं, आणि त्यालाही कळलं. आवाज बंद झाले याचा अर्थ मार बंद झाला असा नसतो, कधीकधी ती ओरडायची बंद झालेली असते.

समजूत घालणं, मध्यस्थी करणं हे भांडणासाठी ठीक आहे, कारण भांडणात दोन्ही बाजू जवळपास सारख्या वजनाच्या असतात. इथे तराजूच एका बाजूला झुकलेला असतो. युरोपातल्या देशांनी २०११ मध्ये इस्तंबूल करार केला, त्याचं ४८ वं कलम याच गोष्टीसाठी आहे. स्त्रियांवरच्या हिंसेत मध्यस्थी किंवा समेट सक्तीचा करायला बंदी. कायदा लिहिणाऱ्यांनाही हे समजायला इतकी वर्षं लागली, तर आपल्या दिवाणखान्यात ते आपोआप कसं समजेल.

मारहाण हा फक्त दिसणारा भाग. अमेरिकेत मिनेसोटा राज्यात दुलुथ नावाचं गाव आहे, तिथे १९८० च्या दशकात मार खाल्लेल्या दोनशेपेक्षा जास्त बायकांशी बोलून एक चक्र काढलं गेलं. नवऱ्याच्या वागण्याचं चाक. मध्ये आस म्हणून सत्ता आणि नियंत्रण, बाहेरची धाव म्हणजे मारहाण, आणि आतल्या आऱ्या बघितल्या तर धमकी, पैसे हातात न देणं, मैत्रिणींपासून तोडणं, मुलांचा वापर करून घेणं, "मी कुठे काय केलं, तूच वेडी आहेस". म्हणजे रोज मारावं लागतच नाही. वर्षातून दोनदा पुरतं, बाकी दिवस नुसती नजर काम करते. शेजाऱ्यांना ते दोन दिवस ऐकू येतात, बाकीचे तीनशे त्रेसष्ट दिवस ती एकटी जगते.

---

रानवारा

माझं मत थोडं वेगळं आहे, कृपया कोणी अंगावर येऊ नका. आपल्याला एकच बाजू माहीत असते. नवराबायकोत आवाज चढतातच. मध्ये पडलो आणि उद्या ते दोघं एक झाले की वाईट आपण ठरतो, हे मी स्वतः भोगलंय. चुलत बहिणीसाठी रात्रीत गाडी काढून गेलो होतो, तिला घेऊन आलो, आणि पंधरा दिवसांनी ती परत गेली, वर मला म्हणाली तू आमच्यात पडू नकोस. तेव्हापासून बोलणं नाही, तीन वर्षं होतील. आणि पुरुषही मार खातात, मानसिक छळ सोसतात, त्यांच्याबद्दल कोणी धागा काढत नाही.

---

पाणपोई

रानवारा, तुमचा शेवटचा मुद्दा आधी घेते कारण तो खरा आहे. पुरुष सोसतात, समलिंगी जोडप्यांमध्येही हे होतं, आणि "पुरुष असून मार खातोस?" या एका वाक्याने त्यांचं तोंड बंद होतं. माझ्याकडे आलेल्या पुरुषाचंही मी तेवढंच ऐकते. पण प्रमाण बघितलं की चित्र सारखं राहत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये दिलेला अंदाज असा की १५ ते ४९ वयातल्या, कधीतरी जोडीदार असलेल्या स्त्रियांपैकी २७ टक्के जणींनी त्याच्याकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलीय. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजाने २०२३ या एका वर्षात ५१,१०० स्त्रिया आणि मुली जोडीदार किंवा घरच्यांच्या हातून मेल्या, म्हणजे रोज १४०. खून झालेल्या बायकांमध्ये साठ टक्के खून घरच्यांनी केलेले, पुरुषांमध्ये तेच प्रमाण बारा टक्क्यांच्या आसपास.

आणि भांडण की छळ हे कसं ओळखायचं, तर मी आवाज किती चढला हे विचारतच नाही. कोण कोणाला घाबरतं ते विचारते. दाराला किल्ली लागली की कोणाच्या पोटात गोळा येतो, फोन करायच्या आधी कोण दुसऱ्याचा चेहरा बघतं. भांडणात दोघं बोलतात, इथे एक जण बोलतो आणि दुसरी अंदाज घेत राहते.

तुमच्या बहिणीबद्दल मी काही बोलणार नाही, खाली कोणीतरी माझ्यापेक्षा बरं लिहील असं वाटतं.

---

निशिगंध

इथे पहिल्यांदा लिहितेय, वाचक म्हणून बरीच वर्षं आहे. मी त्यातून बाहेर आलेली बाई आहे. रानवारा, मी तुमच्या बहिणीसारखीच परत गेले होते, एकदा नाही तीनदा.

पहिल्या वेळी परत गेले कारण तो रडला. खरंच रडला, नाटक नव्हतं ते, निदान मला तरी नाही वाटलं. दुसऱ्या वेळी गेले कारण मुलाला ताप होता आणि तो म्हणाला मुलाला माझ्याकडे दे आणि तू जा. तिसऱ्या वेळी गेले कारण बाहेर राहायला जे लागतं, पैसे, कागदपत्रं, झोपायची जागा, यातलं काहीच माझ्या नावावर नव्हतं आणि भावाच्या घरी मी ओझं झाले होते, कोणी बोललं नाही पण कळतं. लोक विचारतात सोडलं का नाही. मी सोडलंच होतं की. सुटत नव्हतं.

लेनोर वॉकर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९७९ मध्ये तीन टप्पे मांडले होते, ताण वाढतो, स्फोट होतो, मग गोड दिवस येतात आणि परत ताण. मला समुपदेशकाने ते कागदावर काढून दाखवलं तेव्हा मी ढसाढसा रडले, वाटलं माझं घर हिने कुठून बघितलं. पण सगळ्यांचं असंच असतं असं नाही, माझ्या शेवटच्या दोन वर्षांत गोड दिवस उरलेच नव्हते, फक्त ताण आणि स्फोट.

आणि हे नीट वाचा. मला सगळ्यात जास्त मारलं ते मी चाललेय हे त्याला कळलं त्या दिवशी. हे माझं एकटीचं नाही, जोडीदाराच्या हातून झालेल्या खुनांचा अभ्यास करणारे सगळे सांगतात की वेगळं होण्याच्या आसपासचा काळ सर्वात धोक्याचा. म्हणून कोणी "आत्ताच्या आत्ता निघ" म्हटलं की माझ्या अंगावर काटा येतो. निघायचं ते तिने ठरवून, तयारीने, त्याला कळू न देता.

माझी एक मैत्रीण म्हणाली होती, आता परत गेलीस तर मला फोन करू नकोस. तिचंही चुकलं नाही, ती थकली होती. पण मी खरंच केला नाही फोन, दीड वर्ष. दुसरी एक ऑफिसातली होती, ती मला कधीच काही सांगायची नाही. दर सोमवारी विचारायची, "कशी आहेस, खरं सांग", आणि मी बरी म्हटलं की बरं म्हणायची. असं दोन वर्षं. एका सोमवारी मी तिला एक पाकीट दिलं, त्यात माझी सर्टिफिकेटं आणि मुलाचा जन्माचा दाखला होता. तिने न उघडता ड्रॉवरमध्ये टाकलं आणि कुलूप लावलं. मी निघाले ती त्या पाकिटाच्या जोरावर.

रानवारा, तुम्ही त्या रात्री गाडी काढून गेलात हे तुमची बहीण विसरलेली नाही. "आमच्यात पडू नकोस" हे तिने कोणासमोर बसून म्हटलं ते आठवून बघा.

---

दीपमाळ

निशिगंधताई, वाचून बराच वेळ नुसता बसून होतो.

मी असल्याच एका घरातला मुलगा आहे. लोकांना वाटतं मुलं झोपलेली असतात. मी कधीच झोपलेला नसायचो, पावलांच्या आवाजावरून मला कळायचं आजची रात्र कशी जाणार. १९९८ मध्ये अमेरिकेत बालपणीच्या आघातांवर एक मोठा अभ्यास झाला, त्यात आईला मार खाताना बघणं हा वेगळा आघात म्हणून धरला होता, मूल स्वतः मार खात नसलं तरी. मोठेपणीचे हृदयाचे आजार, व्यसनं, नैराश्य यांच्याशी त्याचा संबंध सापडला. मला ते वाचायच्या आधीपासून माहीत होतं, छातीत.

तीन काका होते, सगळ्यांना माहीत होतं. ते यायचे, बाबांशी गप्पा मारायचे, हसायचे आणि जायचे. मला राग बाबांपेक्षा त्यांचा जास्त आहे, कारण बाबा त्यांना मानायचे. एकाने जरी एकट्यात धरून म्हटलं असतं की वहिनीवर हात टाकतोस ते मला चालत नाही, दारू, टेन्शन काही सांगू नकोस, ऑफिसात साहेबावर नाही ना उठत हात... पण कोणी म्हटलं नाही. त्यामुळे पुरुषांना माझं सांगणं आहे, ज्याच्याशी तुमची रोजची उठबस आहे त्याच्याशी बोला. पण एकट्यात, शांतपणे, आणि तिने सांगितलं असं कधीही कळू न देता.

शेजारच्या एका काकूंनी मात्र "अभ्यासाला ये" म्हणून दार कायम उघडं ठेवलं होतं. कधी काही विचारलं नाही त्यांनी.

---

तळटीप

समाज म्हणून काय करता येतं यावर थोडं लिहितो, नाहीतर सगळं ओझं एकट्या ओंजळवर पडेल.

१९७१ मध्ये लंडनमधल्या चिझिकला एरिन पिझी यांनी बायकांना भेटायला म्हणून एक घर उघडलं, आणि मार खाल्लेल्या बायका मुलांना घेऊन तिथे राहायलाच यायला लागल्या. सुरुवातीच्या आसराघरांपैकी हे एक, आणि ते सरकारने नाही, लोकांनी सुरू केलं होतं. २००८ मध्ये भारतात "बेल बजाओ" मोहीम निघाली, भिंतीपलीकडून आवाज आला तर जाऊन बेल वाजवा आणि काहीही क्षुल्लक मागा, बस. घरात चाललेलं बाहेर ऐकू येतंय एवढं त्याला समजावं हा हेतू.

पण मला सगळ्यात पटलेलं काम युगांडातलं. कंपालामध्ये "सासा" नावाचा कार्यक्रम झाला, स्वाहिलीत सासा म्हणजे आत्ता. बाहेरून तज्ज्ञ आणले नाहीत, वस्तीतलेच स्त्रीपुरुष स्वयंसेवक, आणि ते दारोदार, टपऱ्यांवर, प्रार्थनेला जमणाऱ्या लोकांत बोलायचे, विषय मारहाणीचा नाही, सत्तेचा. तुझ्याकडे कोणती ताकद आहे, ती कोणावर वापरतोस, कोणासोबत वापरू शकतोस? आठ वस्त्या घेतल्या, चारमध्ये काम केलं, चारमध्ये नंतर करायचं ठेवलं. २०१४ मध्ये आकडे आले तेव्हा काम झालेल्या वस्त्यांत जोडीदाराकडून होणारी मारहाण दुसऱ्या वस्त्यांच्या जवळपास निम्मी होती. आठच वस्त्या असल्याने आकडा फार घट्ट धरू नये, पण शेजारी बदलले की घरातलं बदलू शकतं याचा एवढा सरळ दाखला मी दुसरा वाचला नाही.

---

पाणपोई

बेलबद्दल एक सावधगिरी. बेल वाजवून आवाज थांबतो हे खरं, पण दारात उभं राहून "काय चाललंय, आम्हाला सगळं ऐकू येतं" असं म्हणू नका, तुम्ही गेल्यावर त्याची किंमत ती मोजते. हत्यार असेल, तो नशेत असेल किंवा जीव जाईल असं वाटत असेल तर बेल नाही, सरळ आपत्कालीन नंबर.

ओंजळ, मेसेज अजिबात करू नका, तिचा फोन तो बघत असणार असंच धरून चाला. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये कॅनडातून एक हाताची खूण निघाली, तळवा समोर, अंगठा आत दुमडायचा आणि त्यावर चार बोटं मिटायची, म्हणजे मला मदत हवीय. बोलता येत नाही अशा बायकांसाठीच ती मुद्दाम काढली. माहीत असू द्या, पण तिला शिकवायला जाऊ नका, तुमच्या दोघींचं काही साधंसं ठरलं तर ते जास्त कामाचं.

एकटी भेटली तर तीन वाक्यं पुरेत. मला काळजी वाटते. यात तुझा दोष नाही. तू काहीही ठरवलंस तरी मी आहे. आणि मग ती म्हणेल काही झालेलं नाही, तर बरं म्हणायचं. खोदायचं नाही.

---

रानवारा

निशिगंधताई, ती हे बोलली तेव्हा फोन स्पीकरवर होता. मागे त्याचा आवाज येत होता. मला हे तेव्हापासून माहीत आहे आणि मी तीन वर्षं तिच्यावर रुसून बसलोय.

तिच्या मुलीचा वाढदिवस आहे पुढच्या महिन्यात. तेव्हा फोन करीन. काही विचारणार नाही.

---

ओंजळ

उत्तर द्यायला उशीर झाला. सगळ्यांचं दोनदोनदा वाचलं, सासूबाईंनाही वाचून दाखवलं. त्या बराच वेळ गप्प होत्या, मग म्हणाल्या मी तिला सांगितलं होतं विषय काढू नकोस म्हणून.

गच्चीवर ती एकटी भेटली, दोरीवरचे वाळलेले कपडे काढत होती. चारेक मिनिटं असतील. मी म्हटलं त्या रात्री आमचं चुकलं, तुला त्याच्यासमोर बसवायला नको होतं, त्यात तुझा काही दोष नव्हता. ती कपडे घड्या करत राहिली. मग मी मानेचं म्हटलं, डॉक्टरला नुसतं घसा नको सांगूस, दाब आला होता असं सांग. तिने माझ्याकडे बघितलं, पहिल्यांदाच त्या वर्षभरात. "तुम्हाला कसं कळलं" असं विचारलं आणि मी उत्तर द्यायच्या आत खाली गेली.

तीन दिवसांनी दुपारी बेल वाजली. धाकट्याला तासभर ठेवाल का, घसा दाखवून येते म्हणाली. दोन तासांनी आली. स्कॅन केलंय, आज तरी धोका नाही म्हणालेत, पुन्हा बोलावलंय. बाकी काही बोलली नाही, मीही विचारलं नाही.

काल मोठ्याच्या शाळेची फाईल घेऊन आली, घरात जागाच नाही हो, तुमच्याकडे राहू दे थोडे दिवस. शाळेच्या फाईलपेक्षा बरीच जाड आहे. सासूबाईंनी त्यांच्या कपाटातला खालचा कप्पा रिकामा केला आणि त्यात ठेवली.